न फुटलेले सुरुंग

सुरुंग हा शब्द आमच्या भागात कोणालाही अपरिचित नाही. विहीर खणताना माती आणि मुरूम संपून खडक लागला, की सुरुंगवाल्यास बोलावणे जाते. तो खडकात भोके पाडतो, त्यांत तोटे ठासतो, वात जोडतो आणि सर्वांना दूर उभे करून बार उडवितो. खडीच्या खाणीतही हेच चालते. पाणी लागावे, रस्ता व्हावा, घरे उभी राहावीत यासाठी मनुष्याने स्फोटकांची शक्ती कामाला जुंपली, ही गोष्ट निःसंशय उपकारक होय. परंतु याच शक्तीचे दुसरे एक रूप असे आहे, की ते जमिनीत पुरून ठेवले जाते, त्यापाशी कोणी राखण करीत बसत नाही, आणि ज्या दिवशी ते फुटते त्या दिवशी त्याच्या जवळ कोण आहे याच्याशी त्यास काही कर्तव्य नसते. त्यास भूसुरुंग म्हणतात. त्याचेच भावंड म्हणजे तोफेतून सुटलेला अथवा विमानातून पडलेला, परंतु न फुटताच मातीत रुतून बसलेला गोळा.

इतिहासाच्या पुस्तकात आपण लढाईच्या आरंभाची आणि अखेरीची तारीख पाठ करतो. अखेरीची तारीख उलटली म्हणजे त्या भूमीवर शांतता नांदू लागली, अशी आपली सहज समजूत होते. भूसुरुंगांच्या आणि न फुटलेल्या गोळ्यांच्या बाबतीत ही समजूत खरी ठरत नाही. त्यांचे बळी पुष्कळदा तह झाल्यावर, सैन्ये आपापल्या छावण्यांत परतल्यावर पडतात. आणि ते बळी बहुधा सैनिक नसून शेतकरी, गुराखी, सरपण वेचणाऱ्या स्त्रिया आणि मुले असतात. असे का व्हावे, आपल्या परिसराशी या विषयाचा काय संबंध आहे आणि विद्यार्थ्यांनी त्यातून काय ध्यानी घ्यावे, हे थोडक्यात सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

युद्धात सुरुंग वापरण्याची कल्पना नवी नव्हे. गड जिंकावयाचा तर तटाखाली भुयार खणून त्यात दारू भरावयाची आणि बत्ती देऊन तट उडवावयाचा, ही रीत आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीपासून होती. औरंगजेबाने सातारच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा १७०० च्या एप्रिल महिन्यात त्याच्या सैन्याने तटाखाली दोन सुरुंग तयार केले. पहिला उडाला तेव्हा तटावरील मराठे ढिगाऱ्याखाली सापडले. किल्लेदार प्रयागजी प्रभू हेही त्यात गाडले गेले होते, परंतु ते जिवंत निघाले. दुसरा सुरुंग मात्र बाहेरच्या बाजूस फुटला, आणि हल्ल्यासाठी खाली सज्ज उभे असलेले सुमारे २००० मोगल सैनिक त्यात ठार झाले. स्फोटकाला आपला आणि परका असा भेद कळत नाही, हे तीनशे वर्षांपूर्वीच सातारच्या पायथ्याशी दिसून आले होते.

तरीही त्या जुन्या सुरुंगात आणि आजच्या भूसुरुंगात एक मोठा फरक आहे. जुन्या सुरुंगास बत्ती देणारा माणूस असे. केव्हा पेटवावयाचे हे तो ठरवी, आणि वेढा उठला तर बत्ती न देताच तो निघून जाई. आजच्या बहुतेक भूसुरुंगांस बत्ती देणारा कोणी नसतो. ज्याचा बळी जावयाचा त्याच्याच पावलाच्या भाराने तो पेटतो. म्हणून तो पुरणारा माणूस निघून गेला, वृद्ध झाला, मरण पावला, तरी सुरुंगाचे काम थांबत नाही.

भूसुरुंगाची रचना तशी साधी असते. धातूची, लाकडाची किंवा प्लास्टिकची एक डबी, तिच्यात टी.एन.टी.सारखे स्फोटक, त्यास चेतविणारा छोटा डिटोनेटर, आणि वरच्या बाजूस दाबाने खाली जाणारी तबकडी. तबकडीवर भार पडला की डिटोनेटर उडतो आणि त्यापाठोपाठ सर्व स्फोटक क्षणार्धात पेट घेते. याचे मुख्य प्रकार दोन. रणगाड्यांविरुद्ध वापरावयाच्या सुरुंगात कित्येक किलो स्फोटक असते आणि तो फुटण्यास शंभर किलोंहून पुष्कळ अधिक भार लागतो. माणसांविरुद्ध वापरावयाचा सुरुंग हाताच्या पंजाएवढा लहान असतो आणि त्यास काही थोड्या किलोंचा भार पुरतो. याचा अर्थ असा, की पहिल्या प्रकारच्या सुरुंगावरून एकटा माणूस कदाचित चालून जाईल, पण पोत्यांनी भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाऊ शकणार नाही. आणि दुसऱ्या प्रकारच्या सुरुंगास शाळकरी मुलाचे पाऊलदेखील पुरेसे होते. काही सुरुंगांना गवतातून ताणलेली बारीक तार जोडलेली असते. तारेत पाय अडकला की सुरुंग फुटतो आणि त्याच्या कवचाचे तुकडे चोहोकडे उडतात.

रणगाड्यांविरुद्धचे सुरुंग पहिल्या महायुद्धात, रणगाड्यांच्या पाठोपाठ आले. शत्रूचे सैनिक ते हातांनी उकरून काढू लागले, म्हणून त्यांच्या रक्षणासाठी भोवती माणसांविरुद्धचे छोटे सुरुंग पेरण्याची पद्धत पडली. दुसऱ्या महायुद्धात या दोहोंचा वापर अफाट वाढला. इजिप्तमधील अल अलामीन येथे १९४२ साली मोठी लढाई झाली. तेथील वाळवंटात पेरलेल्या सुरुंगांनी पुढे कित्येक दशके तेथील मेंढपाळांचे आणि प्रवाशांचे बळी घेतले.

यातील एक गोष्ट विशेष क्रूर आहे. माणसांविरुद्धचे पुष्कळ सुरुंग ठार मारण्यापेक्षा जायबंदी करण्याच्या हेतूनेच बनविले गेले. एक सैनिक मेला तर एकच कमी होतो. परंतु त्याचा पाय तुटला तर त्यास उचलून नेण्यात आणि त्याच्या शुश्रूषेत आणखी कित्येक जण गुंततात, असा हा हिशेब आहे. हाच हिशेब गरीब शेतकऱ्याच्या घराला लागू करून पाहा. घरच्या कर्त्या माणसाचा पाय गेला, तर शेत पडीक पडते, इस्पितळाच्या खर्चासाठी बैलजोडी विकावी लागते, आणि थोरल्या मुलाची शाळा सुटते. जखमी जर लहान मूल असेल तर त्याचे हाड वाढत जाते, त्यामुळे कृत्रिम पाय पुनःपुन्हा नवा करून घ्यावा लागतो. सुरुंगाचा स्फोट क्षणाचा असतो; त्याचा भार त्या घराला जन्मभर वाहावा लागतो.

आता न फुटलेल्या गोळ्यांकडे वळू. तोफेच्या गोळ्यास किंवा बाँबला आदळताच फोडणारी जी कळ असते तिला फ्यूज म्हणतात. गोळा तोफेतून सुटला की ही कळ उघडी होते आणि टणक जागी आदळताच काम करते. परंतु गोळा चिखलात किंवा नांगरलेल्या भुसभुशीत जमिनीत पडला, तिरका आदळला, किंवा फ्यूजच सदोष असला, तर स्फोट होत नाही. असा गोळा ‘फुकट गेला’ असे आपण म्हणू, परंतु वस्तुतः तो सर्वांत घातक अवस्थेत असतो. त्याची कळ उघडलेली आहे, आतील स्फोटक शाबूत आहे, आणि स्फोट होण्यास फक्त एका धक्क्याची उणीव आहे. तो धक्का कुदळीचा असेल, नांगराच्या फाळाचा असेल, किंवा हातोडीचा असेल. टी.एन.टी. जमिनीत कित्येक दशके जसेच्या तसे टिकते. बाहेरचे लोखंड मात्र गंजत जाते आणि आतील कळ अधिकाधिक नाजूक होते. जुन्या काळी गोळ्यांत पिक्रिक ॲसिड भरीत. धातूशी संयोग होऊन त्यापासून असे क्षार बनतात, की ते नुसत्या घर्षणानेही पेटू शकतात. वस्तू जुनी आणि गंजलेली दिसते म्हणून ती निकामी झाली असेल असे मानणे किती चुकीचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

फ्रान्स आणि बेल्जियम या देशांत पहिल्या महायुद्धातील गोळे शेतकऱ्यांच्या नांगराला आजही लागतात. ते युद्ध १९१८ साली संपले. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बांधकामाच्या जागी दुसऱ्या महायुद्धातील एक प्रचंड बाँब सापडला. तो निकामी करण्यासाठी सुमारे ६०,००० लोकांना एका रविवारी घरे सोडून दूर जावे लागले. बाँब पडल्यावर सत्तरांहून अधिक वर्षांनीही एवढ्या मोठ्या शहरास त्याच्यापुढे माघार घ्यावी लागली.

ही झाली दूरदेशीची उदाहरणे. परंतु भूसुरुंग आमच्या अगदी उंबरठ्यापाशीही एकदा येऊन गेले आहेत. आळंदहून उत्तरेस उमरग्याच्या वाटेला लागले म्हणजे सोलापूर-हैदराबाद हमरस्ता लागतो. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये हा रस्ता रणभूमी झाला होता. त्या वेळी आळंद, उमरगा, बीदर हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून संस्थानात शिरले. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल हाती आल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. तो त्वरेने ताब्यात घेण्यात आला, आणि त्याच दिवशी सैन्य उमरग्यास पोहोचले. दुसऱ्या दिवशी ते राजेश्वरपर्यंत गेले. वाटेतील दबा धरून बसलेल्या ठाण्यांवर टेंपेस्ट विमानांनी मारा केला. १६ तारखेस जहिराबादच्या दिशेने निघालेल्या तुकडीस मात्र वाटेत थांबावे लागले. रस्त्यात सुरुंग पेरलेले होते. ते एकेक शोधून दूर केल्यावरच तुकडीस पुढे सरकता आले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. आमच्या भागातील पंच्याऐंशी-नव्वदीच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींना ते दिवस अजून आठवत असतील.

या घटनेचा आम्हास जो बोध घ्यावासा वाटतो, तो असा. रणगाडे, तोफा आणि विमाने पाठीशी असलेल्या सैन्यालाही त्या सुरुंगांनी रोखून धरले. ते शोधण्याचे शिक्षण आणि साधने सैन्यापाशी होती, म्हणून वाट मोकळी झाली. समजा, सैन्याच्या आधी त्या वाटेने जहिराबादच्या बाजारास निघालेली एखादी गाडी आली असती, तर त्या गाडीवानापाशी काय होते? जे संकट शिकलेल्या सैनिकालाही कठीण जाते, त्यास सामान्य मनुष्य निःशस्त्र आणि अजाण असा सामोरा जातो. नागरिकांना या शस्त्रांपासून अधिक भय का, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

सुरुंग दूर करणे हे काम किती धैर्याचे आहे, हे त्याच १९४८ सालच्या आणखी एका प्रसंगावरून कळते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे सैन्याच्या बाँबे सॅपर्स दलात सेकंड लेफ्टनंट होते. एप्रिलमध्ये काश्मीरमधील नौशेरा-राजौरी रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी पाडून अडविला होता. ८ एप्रिल रोजी सुरुंग काढण्याचे काम सुरू होताच राणे यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले आणि स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही पुढचे तीन दिवस ते वाट मोकळी करीत राहिले. एके ठिकाणी तर रणगाड्याच्या खाली राहून, त्याच्याबरोबर सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला दिशा दाखवीत त्यांनी सुरुंगांतून मार्ग काढला. या पराक्रमाबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्याआधी तीन वर्षे, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी आपल्या दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुखरूप आणले होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. या दोघांची नावे आम्ही आदराने घेतो. परंतु ज्या वाटेवर चालण्यासाठी परमवीरचक्राचे धैर्य लागते, त्या वाटेने रोज शेतावर जाण्याची पाळी सामान्य माणसावर येऊ नये, हेही त्याच आदराने म्हटले पाहिजे.

दुर्दैवाने तशी पाळी आपल्या देशातही आलेली आहे. २००१ च्या डिसेंबरमध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर भारत आणि पाकिस्तान यांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी राहिली. त्या वेळी पंजाब, राजस्थान आणि जम्मू-काश्मीर येथील सीमेलगतच्या जमिनीत, त्यांत पिकाऊ शेतेही आली, फार मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरण्यात आले. प्रत्यक्ष युद्ध झाले नाही. २००२ साली सैन्ये मागे घेण्यात आली. तरी सुरुंग पेरताना आणि काढताना आपल्या कित्येक जवानांना प्राण अथवा अवयव गमवावे लागले, आणि शेतकऱ्यांना आपल्याच शेतात पाऊल टाकण्याची चोरी झाली. सैन्य सुरुंग कोठे पेरले याचा नकाशा ठेवते. परंतु पावसाचे पाणी आणि वाऱ्याने सरकणारी वाळू यांस नकाशा ठाऊक नसतो, आणि पेरलेला सुरुंग पुष्कळदा मूळ जागी सापडत नाही.

बंडखोर जे सुरुंग पुरतात त्यांचा तर नकाशाही नसतो. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी रस्त्यांखाली सुरुंग पेरण्याचे प्रकार अनेकदा घडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ अशा स्फोटात पोलिसांचे १५ जवान मृत्यू पावले; आणि त्यांच्याबरोबर त्यांची खासगी गाडी चालविणारा चालकही मरण पावला. तो सैनिक नव्हता, पोलीस नव्हता. भाड्याची गाडी चालवून पोट भरणारा मनुष्य होता.

युद्ध किंवा बंड काहीच नसतानाही दारूगोळ्याचा हा धोका संभवतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अहिल्यानगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळ, सैन्याचे सरावक्षेत्र आहे. खारे कर्जुने या गावाच्या नावावरून त्यास के. के. रेंज म्हणतात. तेथे रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालतो. सराव संपल्यावर जमिनीवर तांबे, पितळ आणि लोखंड यांचे तुकडे पडलेले असतात. भंगारवाल्याकडे त्यांना चांगला भाव येतो. म्हणून अशा क्षेत्रांच्या आसपासच्या गावांतील गरीब लोक बंदी असतानाही आत जातात. आणि फुटलेल्या तुकड्यांबरोबर न फुटलेला गोळाही कधी कधी घरी येतो. त्यातील धातू सोडविण्यासाठी त्यावर घाव घालताना माणसे दगावल्याच्या घटना तेथे घडल्या आहेत. विदर्भात वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच्या हद्दीतील मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असता स्फोट झाला आणि सहा माणसे मरण पावली. त्यांत मोलमजुरीसाठी आलेले आसपासचे गावकरी होते. हे लोक अज्ञानी होते म्हणून मेले, एवढेच म्हणून आम्हास थांबता येत नाही. दुष्काळी मुलखात जेव्हा शेत पिकत नाही, तेव्हा पितळेच्या तुकड्यासाठी जीव धोक्यात घालावा असे माणसाला का वाटते, हाही प्रश्न त्यात आहे. आणि आमच्यासारख्या कोरडवाहू तालुक्यात राहणाऱ्यांना तो समजण्यास कठीण जाऊ नये.

सर्व जगाचा हिशेब पाहिला तर चित्र याहून निराळे नाही. ‘लँडमाइन मॉनिटर’ या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात भूसुरुंग आणि युद्धातील उरलेली स्फोटके यांमुळे निदान ५,७५७ माणसे ठार अथवा जखमी झाली. ज्यांची नोंद स्पष्ट आहे त्यांतील ८४ टक्के नागरिक होते, आणि त्या नागरिकांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुले होती. मुलांचे प्रमाण एवढे मोठे असण्याचे कारण उघड आहे. लाओस देशावर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकन विमानांनी जे गुच्छबाँब टाकले, त्यांतून कोट्यवधी छोटे गोळे विखुरले गेले आणि त्यांतील फार मोठा भाग फुटलाच नाही. ते गोळे आकाराने चेंडूएवढे आहेत. मूल चेंडू पाहिला की तो उचलते.

या संकटावर उपाय करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १९९७ साली कॅनडातील ओटावा येथे माणसांविरुद्धच्या भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या, आणि त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय चळवळीस व तिच्या कार्यकर्त्या जोडी विल्यम्स यांना त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १६० च्या आसपास राष्ट्रे या करारात आहेत; मात्र अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि आपला भारत ही राष्ट्रे त्यात सामील झालेली नाहीत, आणि युक्रेनमधील युद्धानंतर युरोपातील काही राष्ट्रांनी २०२५ साली त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. लांब सीमांच्या रक्षणासाठी हे शस्त्र अजून सोडता येत नाही, अशी भारताची भूमिका आहे. तरी सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारा दुसरा एक आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केला आहे. यंत्राला सापडणार नाहीत असे सुरुंग वापरू नयेत, पेरलेल्या क्षेत्राला कुंपण घालावे आणि त्याची नोंद ठेवावी, असे त्याचे नियम आहेत. देशाचे संरक्षण आणि निरपराधांचे प्राण यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न कठीण आहे. मोठे होऊन आजच्या विद्यार्थ्यांनाच त्याचा विचार करावा लागणार आहे.

पेरलेले काढणे हे पेरण्याहून शतपट कठीण असते. सुरुंग बनविण्यास ३ ते ७५ डॉलर पुरतात, पण काढण्यास ३०० ते १००० डॉलर लागतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या वतीने वारंवार सांगितला गेला आहे. धातू ओळखणारे यंत्र जमिनीवरून हळूहळू फिरवावयाचे; ते वाजले की गुडघ्यांवर बसून सळईने तिरके टोचत माती चाचपावयाची; बहुतेक वेळा खिळा किंवा डब्याचे झाकण निघते, पण प्रत्येक वेळी ती वस्तू सुरुंगच आहे असे समजून वागावयाचे, अशी ही पद्धत आहे. प्लास्टिकचे सुरुंग यंत्राला नीट कळत नाहीत, म्हणून वासावरून स्फोटक ओळखणारी कुत्री शिकवितात. आफ्रिकेतील एका जातीचे मोठे उंदीरही या कामी येतात. वजनाने हलके असल्यामुळे त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि न फुटलेले गोळे शोधून दिले. २०२० साली त्यास इंग्लंडमधील एका संस्थेने सुवर्णपदक दिले. ज्या उंदराला आपण कोठारातून हाकलतो, त्याच्या भाईबंदाने माणसांना त्यांची शेते परत मिळवून दिली, ही गोष्ट बालवाचकांस निश्चित आवडेल. आपल्याकडे पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने ‘दक्ष’ नावाचे चाकांवर चालणारे यंत्र बनविले आहे. स्फोटकाजवळ माणसाऐवजी ते जाते आणि माणूस दुरून त्यास चालवितो.

ज्यांचे पाय गेले त्यांना पुन्हा उभे करण्याचे कामही आपल्या देशात चांगले झाले आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, महायुद्धातील जखमींसाठी सुरू झाले. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय तयार केला, की तो लावून अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते आणि चिखलात उभे राहून शेतीही करता येते. अफगाणिस्तान आणि कंबोडिया येथील सुरुंगांनी पांगळ्या झालेल्या हजारो लोकांना या ‘जयपूर फूट’ने पुन्हा चालविले. भारताचे नाव दूरच्या खेड्यांत ज्यांनी पोहोचविले, त्यांत या स्वस्त पायाची गणना केली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, आळंदच्या शिवारात आज कोणी भूसुरुंग पेरलेले नाहीत, ही आपल्या भाग्याची गोष्ट आहे. परंतु न फुटलेले स्फोटक आपल्यालाही कोठे ना कोठे भेटू शकते. विहिरीत लावलेल्या पाच बारांपैकी चारच उडाले, असे पुष्कळदा घडते. पाचवा विझला असे समजून कोणी लगेच खाली उतरू नये. त्या जुन्या भोकात पहार तर मुळीच घालू नये. बार मोजण्याचे काम सुरुंगवाल्याचे आहे, आणि तो हाक देईपर्यंत काठावर थांबणे हे आपले काम आहे. खाणीजवळ किंवा विहिरीच्या ढिगाऱ्यात दोन बारीक तारा जोडलेली पेन्सिलीएवढी चकचकीत नळी सापडली तर तो डिटोनेटर असण्याचा संभव असतो. त्याने हाताची बोटे आणि डोळे जातात. त्याची तार ओढू नये, ती विजेच्या सेलला लावून पाहू नये, आणि ते शाळेच्या दप्तरात तर कदापि आणू नये. रानडुकरे मारण्यासाठी काही लोक बांधाकडेला खाद्यात गुंडाळून गावठी बाँब ठेवतात. हे कृत्य बेकायदेशीर आहे, आणि डुकराऐवजी त्यात गाईचे तोंड किंवा गुराख्याचा हात सापडतो. अशी पुरचुंडी दिसली तर तिला काठीनेही डिवचू नये.

अशी कोणतीही संशयित वस्तू दिसली तर करावयाचे ते थोडेच आहे. जेथे असाल तेथेच थांबा. वस्तूला हात लावू नका, तिच्यावर दगड मारू नका, तिला विस्तवाजवळ नेऊ नका. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे या. धाकट्या भावंडांना आणि गुरांना तिकडे जाऊ देऊ नका. लांबून ओळखता येईल अशी खूण करा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना किंवा पोलिसांना त्वरित सांगा. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालेल. पोलिसांपाशी बाँब शोधक आणि नाशक पथक असते. ते काम त्यांचेच आहे. आपण भित्रे ठरू अशी शंका कोणी मनात आणू नये. रामा राघोबा राणे यांच्यासारख्या वीरानेही सुरुंग काढावयाचे शिक्षण घेतल्यावरच त्याला हात घातला होता.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते, की ही माहिती वाचून स्वतःपुरती ठेवू नये. शाळेत येणाऱ्यांना ती येथे मिळेल; परंतु ज्यांना तिची खरी गरज आहे ती गुरे राखणारी, खाणीवर आईबापांबरोबर राहणारी आणि भंगार वेचणारी मुले हा अंक वाचणार नाहीत. त्यांच्यापर्यंत ती तोंडी पोहोचविणे आपल्या हातात आहे. आमच्या वाचकांपैकी एकाने जरी आपल्या वस्तीवरच्या एका मुलाला ही गोष्ट समजावून सांगितली, आणि त्या मुलाने एखाद्या दिवशी वाटेत दिसलेली चकचकीत नळी न उचलता तशीच राहू दिली, तर या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.